वायफायमधला दादा

वहिनीच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर माझी भाची, आणि समोर डोळे मिटून बसलेले लहरीबाबा. मी तेव्हा माझ्या घरी, लांबच्या शहरात होते. हे सगळं सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला नंतर रंगवून सांगितलं.

भाचीला आम्ही टिटवी म्हणायचो. जन्मल्यापासून पोरीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. सासर परदेशात, आणि तिथंच तिच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकणार होते. वहिनीचे गुडघे गेलेले, तिला प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून आवाज आहे तोवर आईशी पोटभर बोलून घ्यायचं, एवढंच टिटवीचं मागणं होतं. पण रोज संध्याकाळी कॉल लागायचा आणि चार शब्दांत तुटायचा. मोबाइलवरही तेच, कारण तोही त्याच वायफायवर.

"माई, आत्मा म्हणजे लहर," बाबा म्हणाले. "इंटरनेट म्हणजेही लहर. लहरीला लहर अडवते. तुमचे यजमान कुणावर रागावून गेले का?"

वहिनीचा चेहरा उतरला. माझा भाऊ, म्हणजे दादा, टिटवीच्या लग्नावर चिडला तो चिडलाच. मरेपर्यंत लेकीशी बोलला नाही. इमारतीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट, पण बाबांना म्हणे ती ध्यानात दिसली.

"या वेळेला त्यांच्यासाठी काय करता?"

"त्यांचा चहा. त्यांना कढत लागायचा, म्हणून निवला की पुन्हा पुन्हा मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गरम करून फोटोपुढे ठेवते."

"करा गरम."

वहिनीनं कप आत ठेवून बटण दाबलं. ओव्हन घुमू लागला. टिटवी म्हणत होती, "आई, ऐक ना, मला तुला..." आणि तोंड उघडं तसंच गोठलं. कॉल तुटला.

"आले," बाबा म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. इंजिनिअर असलेल्या सेक्रेटरीनंसुद्धा.

मग हुकूम सुटला. ऑपरेशन होईपर्यंत लेकीचा कॉल घ्यायचा नाही, नाहीतर बापाचा कोप तिच्या जिवावर उतरेल. वहिनीनं फोन उचलणं बंद केलं. काळजावर दगड ठेवून केलं, लेक वाचावी म्हणून.

शेवटी ऑपरेशनला आत नेण्याआधी टिटवीनं मला फोन केला. "आत्या, आईनंही मला टाकलं का गं?" मी मिळेल ती गाडी पकडली. वहिनीकडे पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं.

"वन्सं, मी तिच्यासाठीच केलं हो," वहिनी म्हणाली आणि सवयीनं कप ओव्हनकडे घेऊन गेली. मी तिथल्याच कॉम्प्युटरवरून माझ्या मैत्रिणीशी बोलत होते. ओव्हन घुमला आणि मैत्रीण गोठली. दादाचं आणि माझ्या मैत्रिणीचं काय वाकडं होतं? त्यानं तिला कधी पाहिलंही नव्हतं.

ओव्हन बंद केला, कॉल लागला. चालू केला, तुटला. मान वर करून पाहिलं तर वायफायचा डबा ओव्हनच्याच डोक्यावर बसलेला.

मी इमारत गोळा केली, बाबांनाही बोलावलं. ओव्हनमध्ये साधं नळाचं पाणी ठेवलं. कॉल तुटला.

"बाबा, हे पाणी कुणाच्या आत्म्याचं?"

"पाण्यालाही स्मृती असते, ताई."

"असेल. माझीही शाबूत आहे. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. ओव्हन ज्या लहरींनी अन्न तापवतो, जवळजवळ त्याच लहरींवर हे वायफाय चालतं. ओव्हनमधून थोड्या लहरी बाहेर झिरपतात. त्यानं माणसाला काही होत नाही, पण शेजारच्या डब्याचं बोलणं त्या गोंगाटात बुडतं."

डबा उचलून मी बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. ओव्हन घुमत राहिला, कॉल चालू राहिला.

"कोप शमला," असं म्हणत बाबांनी चपला शोधल्या.

काही दिवसांनी टिटवीचा कॉल आला. गळ्याला पट्टी. चित्र इतकं स्वच्छ की पट्टीची वीण दिसावी. "बोल बाळा, आता तुटत नाही," वहिनी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. टिटवीनं कागदावर लिहून समोर धरलं, "तू का नाही बोललीस?"

वहिनीनं खरं ते सांगितलं. टिटवी रडली. तिच्या रडण्याचाही आवाज येत नव्हता. मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले, दुःखानं आणि त्याहून जास्त संतापानं.

म्हणून सांगते, यंत्र अडलं की आधी त्याच्या आजूबाजूला काय चालू आहे ते बघा, एकेक बंद करून बघा. मेलेल्या माणसाला मध्ये ओढू नका, तो बिचारा उत्तर द्यायला येत नाही. आणि कुणी म्हणालं की तुमच्या प्रेमानंच तुमच्या माणसाचं वाईट होईल, तर त्याच्याकडे पुरावा मागा. मागायला काही लागत नाही. न मागितल्यानं काय जातं, ते आमच्या वहिनीला विचारा.