नाव कमी करण्याचं कारण

पालमजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत सोमवारी साडेअकराला एक फोटो काढला गेला, आणि बाराच्या आत माणिकराव दारात येऊन उभे राहिले.

फोटो सेविका सुकेशनीनेच काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात माणिकरावांचा चार वर्षांचा नातू महारुद्र ओल्या मातीची भाकर थापत होता, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. शेजारी भक्ती लाकडी ठोकळ्यांची विहीर बांधून तोंडानेच मोटार चालवत होती.

माणिकराव आत आले नाहीत. गाव हसायलंय, फोटो काढून टाका, पोराच्या हातात पोराची खेळणी द्या, असं त्यांनी उंबऱ्यावरूनच सुनावलं. लेकरं घरात बघतात तेच खेळतात, हे सुकेशनीने सांगून पाहिलं. त्यांनी तिथूनच पर्यवेक्षिकेला फोन लावला. पर्यवेक्षिकेचा हुकूम चार शब्दांत आला: ठोकळे मुलांना, भातुकली मुलींना. वर ताकीद: वाद नको, नवा फोटो पाठवा.

आणि सुकेशनीने ते केलं. भक्तीच्या विहिरीचे ठोकळे उचलून महारुद्रपुढे ठेवले. भक्ती रडली नाही. "माजं पानी सांडलं," एवढंच म्हणाली. नऊ वर्षांच्या नोकरीत सुकेशनीला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

महारुद्रने त्यातले तीन ठोकळे निवडले, चुलीसारखे मांडले आणि वर भाकर ठेवली.

"हे कुनी शिकवलं रे तुला?" माणिकरावांचा आवाज चढला.

"पप्पानं." पोराने मानही वर केली नाही. "आबा, तुमाला कडक पायजे का मऊ?"

पत्नी कस्तुराबाई वारल्या, सून वैष्णवी नर्सिंग शिकायला परभणीला राहिली, तेव्हापासून माणिकरावांच्या घरची चूल त्यांचा मुलगा बालाजीच पेटवत होता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

"आबा," सुकेशनी म्हणाली, "आज सकाळी तुमी कुनाच्या हातची भाकर खाल्ली?"

माणिकरावांनी आत येऊन नातवाला उचललं, आणि त्याचे मातीचे हात धोतराला लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी महारुद्र गळ्यात टाय घालून पालमच्या इंग्रजी शाळेच्या जीपमध्ये बसला. दुपारी पर्यवेक्षिकेचा निरोप आला, पोराचं नाव कमी करा आणि कारण 'स्थलांतर' लिहा.

स्थलांतर! अंगणवाडीच्या खिडकीतून पोराचं घर दिसत होतं. अंगणात त्याची चड्डी वाळत होती.

सुकेशनीने आधी ठोकळे भक्तीला परत दिले. मग रजिस्टर उघडलं आणि कारणाच्या रकान्यात, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: भाकर थापली म्हणून. खाली सही केली आणि त्या पानाचा फोटो पर्यवेक्षिकेला पाठवला.

सोमवारचा फोटो तिने ग्रुपवरून काढला नाही.