माळावरच्या लांडगीचा पट्टा

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी एकदा माझा वास घेऊन पाहा. नाक मुरडू नका. हा वास रानातला आहे आणि इतकी वर्षे कपाटात राहूनही तो गेलेला नाही. माझ्या आतल्या बाजूला काही राखाडी केस अडकलेले दिसतील. ते एका लांडगीचे आहेत. कधीकाळी मी तिच्या गळ्यात होतो. तुम्ही मला जुना, चिरा पडलेला पट्टा म्हणाल. प्राण्यांचा अभ्यास करणारी माणसे मला रेडिओ कॉलर म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका कारागीर बाईने माझ्या पोटात बॅटरी आणि एक चिमुकले यंत्र बसवले आणि मला पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिले. बुडालो तरी मी बोलत राहिलो, म्हणून तिने मला पास केले. माझे बोलणे म्हणजे नुसती टिकटिक. तीही उघड्या कानांना ऐकू येत नाही. ज्याच्या हातात अँटेना असेल त्यालाच ऐकू येते. शिवाय ज्या प्राण्याच्या गळ्यात मी असेन तो जिथे जिथे जाईल त्या जागा मी पोटात साठवून ठेवत असे. पण त्या पाहायच्या तर मला परत आणून संगणकाला जोडावे लागे. तोवर बाहेरच्यांच्या वाट्याला फक्त टिकटिक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

मी ज्यांच्याकडे आलो त्यांना सारे शहर ताई म्हणत असे. रानातले प्राणी कसे जगतात, कुठून कुठे जातात आणि त्यांची वाट मोकळी कशी ठेवायची, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. शहराच्या एका अंगाला डोंगरातले जंगल होते, दुसऱ्या अंगाला नदीकाठचे आणि मधे उघडा, गवताचा माळ. सरकारी नकाशात त्या माळावर 'पडीक' असा शिक्का होता. ताईंच्या मनात तरुणपणीच एक गोष्ट पक्की बसली होती. ही दोन जंगले झाडांनी जोडली, तर प्राणी सावलीसावलीने इकडून तिकडे जातील. म्हणून त्या दरवर्षी पावसाच्या तोंडावर माळाच्या एका तुकड्यावर झाडे लावत. शाळेची मुले घोषणा देत येत आणि कोपरापर्यंत माती माखून घरी जात.

रोपे तयार करायचे काम ताईंच्या वडिलांचे. अप्पा टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि मागच्या अंगणात दुधाच्या रिकाम्या पिशव्या मांडून बसले, ते कायमचे. एखाद्या रोपाने मान टाकली की त्यांचा राग त्या दिवशीच्या भाजीवर निघे.

आता लांडगीची गोष्ट. भूल देऊन तिला आडवी केली होती. तिच्या डोळ्यांवर फडके होते आणि एक कान जुन्या मारामारीत फाटलेला होता. प्राण्यांचे डॉक्टर मला तिच्या गळ्यात बसवत होते.

"घट्ट नको हं, डॉक्टर," ताई म्हणाल्या.

"दोन बोटं जातात, बघा. लग्नात अंगठी घालतानासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो."

"तेव्हा समोरची शुद्धीत होती ना, म्हणून."

डॉक्टर हसले. मला मात्र हसू आले नाही. मी आजवर थंड टेबलावर राहिलेलो. माझ्याखाली एकदम गरम, जिवंत, धडधडणारा गळा आला आणि मी हबकून गेलो. थोड्या वेळाने ती उठली, डुलली, मागच्या पायाने तिने मला जोरात खाजवले आणि मग जी पळत सुटली, ती जणू मी नाहीच.

हळूहळू मला तिची सवय झाली. ती माळाची लेक होती. गवतात बसली की फक्त कान वर. तिथून तिला दूरवरचा ससा दिसे, मेंढ्यांचा कळप दिसे आणि माणूस तर त्याला ती दिसायच्या कितीतरी आधी दिसे. तिचा जोडीदार तिच्यापेक्षा थोराड होता आणि थोडा विसरभोळाही. शिकार पुरून ठेवायचा आणि मग दुसरीकडेच उकरत बसायचा.

एका गोष्टीचे मला नवल वाटे. ताईंनी लावलेली झाडी आता उंच झाली होती. सगळी एकाच जातीची, एकमेकांना चिकटून, रांगेत उभी. लांडगी तिच्या काठाशी आली की तिच्या मानेचा स्नायू न् स्नायू ताठ होई. आत पाचोळ्याखाली गवताची काडी उगवत नव्हती. गवत नाही म्हणून ससा नाही. पुढचे काही दिसत नाही म्हणून भरवसाही नाही. ती वास घेई, मागे फिरे आणि वळसा घालून जाई. त्या वळशात मोठा रस्ता होता. त्यावरून मालाचे ट्रक भरधाव जात.

एका पहाटे दोघे असेच वळसा घेत होते. ती पलीकडे पोहोचली. तो मागे राहिला होता, नेहमीसारखाच. मी फक्त ब्रेकचा आवाज ऐकला. मग तिचा गळा माझ्याखाली थरथरू लागला आणि बराच वेळ थांबेना. ती परत जाऊन त्याला हुंगत राहिली. उजेड झाला, माणसे जमू लागली, तेव्हाच ती हलली. मित्रांनो, मी यंत्र आहे. मला रडता येत नाही. मी टिकटिक करत राहिलो.

आणि ती टिकटिक ऐकून रस्त्याच्या कडेला जीपमध्ये बसलेल्या ताई खूश होत होत्या. हे मला पुढे कळले. अँटेना फिरवली की माझा आवाज झाडीच्या दिशेने येई. ताईंना वाटे, लांडगी आपल्या झाडांत राहते. खरे तर मी झाडीच्या पार पलीकडे, उघड्या माळावर असे. एका जागेवरून ऐकले तर नुसती दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसरीकडे जाऊनही ऐकावे लागते. डॉक्टरांनी हे एकदा बोलूनही दाखवले होते. ताई म्हणाल्या होत्या, "कशाला? तिकडे राहण्यासारखं दुसरं आहेच काय?"

माझ्या कडीला आपोआप सुटणारा चाप होता. ठरलेला काळ भरला आणि मी तिच्या गळ्यातून निखळून पडलो, तो थेट तिच्या बिळाच्या तोंडाशी. आत पिल्ले होती. एक धीट पिल्लू बाहेर आले आणि त्याने माझी कड चावून पाहिली. हा बघा त्या दातांचा ठसा.

मला शोधायला ताई आणि डॉक्टर अँटेना घेऊन निघाले. दुसऱ्याच दिवशी माळाच्या नव्या तुकड्यावर वृक्षारोपण होते, त्यामुळे ताई घाईत होत्या. आधी ते झाडीत शिरले. टिकटिक वाढत गेली. झाडी संपली, तरी ती वाढतच गेली. ताईंची चाल मंदावली. शेवटी मला दोघे दिसले. उघड्या माळावर, गुडघाभर गवतात, थबकून उभे.

डॉक्टरांनी वाकून मला उचलले आणि तसेच वाकलेले राहिले. बिळातून बारीक कुंईकुंई येत होती. बिळाच्या दोन्ही बाजूंनी चुन्याच्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या आणि अगदी तोंडावर फुली होती. खड्डे घेणाऱ्या मशीनने कुठे खणायचे, त्याची ती खूण.

"ताई," डॉक्टर कुजबुजले, "ही फक्की कुणी मारली?"

"मी," ताई म्हणाल्या. "परवा. दोरी धरून."

त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. दूर गवतात दोन कान उभे होते, त्यातला एक फाटका. डॉक्टरांनी ताईंचा दंड धरला आणि दोघे पाऊल न वाजवता मागे सरकत गेले.

संध्याकाळी ताईंनी मला संगणकाला जोडले. पडद्यावर नकाशा आला आणि लांडगी जिथे जिथे गेली होती तिथे तिथे लाल ठिपके उमटू लागले. माळभर ठिपके. डोंगराकडे ठिपके, नदीकडे ठिपके. मधे मात्र एक मोठे भोक. तिथे एकही ठिपका नाही. ते भोक म्हणजे ताईंची झाडी. भोकाच्या कडेकडेने ठिपक्यांची रेघ रस्त्यावर उतरत होती, जिथे तो नर मेला होता तिथे. ताईंनी स्वतः त्याला उचलून बाजूला घेतले होते. इतकी झाडी दिली तरी हा रस्त्यावर कशाला आला, असे त्या तेव्हा हळहळून म्हणाल्या होत्या.

त्यांचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला.

अप्पा ओल्या हातांनी आत आले. "उद्यासाठी रोपं काढून ठेवलीत गं. काय झालं? कुणी गेलं का?"

"अप्पा, उद्या झाडं लावायची नाहीत."

"का? पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांना जमत नाही वाटतं. मोठ्या माणसांचं हे असंच."

"लांडगी व्यायलीय तिथे."

"मग तेवढी जागा सोडू. माळ काय थोडाथोडका आहे? सगळा मोकळाच पडलाय."

"तो मोकळा नाही, अप्पा. तेच तिचं घर आहे. आपण इतकी वर्षं त्यावर झाडं लावत आलोय." ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि ते भोक दाखवले. रस्ता दाखवला.

अप्पा चष्मा लावून खूप वेळ बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"म्हणजे मी आयुष्याचा हा सगळा शेवट," ते अडखळत म्हणाले, "लांडग्यांना घराबाहेर काढण्यात घालवला?"

"मी घालवला, अप्पा. तुम्ही मी सांगितलं ते केलंत."

"तुझ्या आईला म्हणत होतो, पोरीला बँकेत चिकटव." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. थोड्या वेळाने ते उठले.

"कुठे निघालात?"

"पाणी घालायला. रोपांनी काय घोडं मारलंय कुणाचं?"

सकाळी ताई मला मुठीत आवळूनच माळावर गेल्या. मशीनवाला ठरल्या वेळेआधी आला होता आणि टोकाच्या रांगेत खणायला लागलाही होता. ताई धावल्या. या वयात त्या अशा धावतील असे कुणालाच वाटले नव्हते. मशीन थांबले.

"ताई, फक्की तर तुमचीच आहे," मशीनवाला चकित होऊन म्हणाला.

"माझीच आहे. पुसायला आलेय."

तोवर शाळेची मुले घोषणा देत वळणावर आली. ताईंनी दोन्ही हात वर करून त्यांना थांबवले आणि हळू आवाजात सगळे सांगितले. लांडगी घाबरली तर पिल्ले उचलून पळेल आणि पळायला आता एका बाजूला झाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला ट्रक, हेही सांगितले. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. झाड लावणे म्हणजे सगळ्यात चांगले काम, हे त्यांना याच ताईंनी शिकवले होते.

"बाई, गेल्या वर्षी इथेच उभं राहून तुम्ही अगदी उलटं सांगितलं होतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आवाजात धार होती.

"हो. गेल्या वर्षी मला माहीत नव्हतं."

"आणि आता हे सगळं घेऊन परत जायचं? पाहुणे येतील, त्यांना काय दाखवू?"

"मला दाखवा," ताई म्हणाल्या. "चुकलेली बाई म्हणून."

पुढच्या रांगेतली एक मुलगी रोप छातीशी धरून उभी होती. ती म्हणाली, "मग आमच्या पुस्तकात खोटं लिहिलंय का?"

"नाही गं. झाड चांगलंच असतं. पण गवतही कुणाचं तरी घर असतं, हे मी बघितलंच नाही."

मुलीने ओठांवर बोट ठेवले आणि मागे वळली. तिच्या मागची वळली, तिच्या मागचा वळला. एवढी मोठी शाळा, पण परत जाताना पायांचा आवाजसुद्धा आला नाही. अप्पा वाटेतच भेटले. त्यांनी मुलांना शाळेच्या उघड्याबोडक्या भिंतीकडे नेले आणि रोपे तिथे लावून घेतली.

लांडगीने बीळ सोडले नाही. पुढे महिनाभराने डॉक्टरांना ती दुर्बिणीतून दिसली. मागे पिल्लांची रांग होती आणि सगळ्यात मागे एक विसरभोळे पिल्लू.

पण मित्रांनो, खरा धक्का शहराला त्यानंतर बसला. ताईंनी रीतसर परवानगी काढली आणि माळावरची आपणच वाढवलेली झाडी विरळ करायला घेतली. लोक त्यांना तोंडावर 'झाडतोड्या ताई' म्हणू लागले. जुन्या ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात. पहिल्या दिवशी मजूर कुऱ्हाडी घेऊन उभे होते आणि ताईंच्या तोंडून 'करा सुरू' एवढे दोन शब्द निघत नव्हते. तेव्हा अप्पा पुढे झाले. त्यांनी एका मजुराच्या हातून कुऱ्हाड घेतली.

"माझ्या हातची आहेत," ते म्हणाले. "परक्याचा हात आधी नको लागायला."

त्यांनी झाडाच्या बुंध्यावर एकदा तळवा फिरवला आणि पहिला घाव घातला. घाव नीट बसला नाही. ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दुसरा घाव दोघांनी मिळून घातला.

पुढच्या पावसात त्या मोकळ्या जागेत गवत आले. कुणी पेरले नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कुणासाठी तरी काहीतरी चांगले करायला निघाल. जरूर निघा. फक्त आधी थोडे दिवस त्याच्या वाटेशेजारी गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठून मागे फिरतो, ते बघा. आणि आपले चुकले असे दिसले, तर ते दुरुस्त करताना स्वतःच्या हाताला जड वाटेल. तरीही तो हात मागे घेऊ नका.