गडगडबाईंचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. हसू नका. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गळकं छप्पर येतं, नाहीतर सायकलींची शेड येते, हे मला ठाऊक आहे. मी तसला नव्हे. मी नाटकातला पत्रा आहे. रंगमंचावर वादळ सुटलं की ढग गडगडतात ना, तो गडगडाट माझा. माझा स्वभाव जरा तापट आहे आणि मला स्वतःचं कौतुक करायची खोड आहे. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका पत्रेकाराच्या दुकानात झाला. तो बादल्या, डबे आणि नरसाळी बनवायचा. मीसुद्धा बादलीच व्हायचो, पण त्या दिवशी नाट्यगृहाचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "ढगांचा आवाज काढणारा पत्रा हवाय." पत्रेकाराने एकेक पत्रा उचलून कानाशी हलवून पाहिला. माझ्या शेजारचा नुसता कुरकुरला. मी मात्र असा गरजलो की दुकानातली मांजर जी पळाली ती दुपारपर्यंत परत आली नाही. शेजारचा बादली झाला आणि मी कलावंत झालो.

मला रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, जाड दोरांनी टांगलं. मी माणसापेक्षा उंच होतो. खालच्या कडेला धरायला लाकडी मूठ बसवली. आणि ती मूठ धरायला एक बाई आल्या. बारीक अंगाच्या, पण मनगटात विलक्षण ताकद. त्यांचं खरं नाव नाट्यगृहात कुणी घेतच नसे. सगळे त्यांना गडगडबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचा अभिमान होता.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पत्रा हलवण्यात काय मोठंसं? मग एकदा हलवून बघा. ढग लांब असले तर नुसतं मनगट हलवायचं. जवळ आले की खांद्यापासून जोर लावायचा. वीज डोक्यावर कोसळायची असेल तर एकदम हिसका द्यायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मला गप्प करणं. मी एकदा सुरू झालो की सहजासहजी थांबत नाही. बाई माझ्या अंगावर तळहात टेकवायच्या, सपाट, अलगद, आणि मी शांत व्हायचो.

फिरत्या मंडळींची संगीत नाटकं आमच्याकडे यायची. त्यांतलं माझं लाडकं नाटक होतं दीपगृहातल्या मुलीचं. बापाला अंथरुणातून उठवत नाही, समुद्रात होड्या अडकल्यात, आणि मुलगी कंदील घेऊन दीपगृहाच्या टोकावर उभी राहून वादळाशी गाण्यातून भांडते. ती एक ओळ गाते, ढग उत्तर देतात. ती दुसरी गाते, ढग आणखी चिडतात. म्हणजे ते युगुलगीतच, तिचं आणि माझं. तिचं नाव जाहिरातीत असायचं, माझं नसायचं, पण मी मन मोठं ठेवलं.

मग मशीन आलं. एक बटण दाबलं की ढग, दुसरं दाबलं की पाऊस. मला खाली उतरवलं. बाई घरी गेल्या. पुढे एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले, हे मी लोकांच्या बोलण्यातून ऐकलं. मी काही दिवस भिंतीला टेकून धूळ खात पडलो. नंतर तिकीटखिडकीशेजारची काच फुटली आणि दरवानाने मला त्या जागी चार खिळे ठोकून बसवलं. ज्याच्या आवाजाने प्रेक्षक दचकायचे, त्याच्यावर आता प्रेक्षक पाठ टेकवून उभे राहायचे. रांगेत कुणी शिंकलं तरी मला सहन करावं लागे.

अशीच वर्षं गेली. एका सकाळी रांगेत ओळखीचा आवाज आला.

"मला कशाला नेतेस गं? बिनआवाजाचं नाटक मी रोज बघते की खिडकीतून! समोरच्या घरातलं भांडण. फुकट!"

बाईच होत्या. कान गेल्यापासून त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळे साधं बोलणंही अख्ख्या रांगेला ऐकू जात होतं. बरोबर त्यांची भाची होती. तिने आत्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "दीपगृहाचं नाटक आहे, आत्या. तुझं नाटक. पुन्हा नव्याने काढलंय."

"माझं कसलं? आता मशीनचं."

"कान गेल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस. एकदा चल. माझ्यासाठी."

बाईंचा हात सहज माझ्यावर टेकला आणि तिथेच थांबला. मग बोटं माझ्या कडेवरून फिरली आणि खिळ्यापाशी आली.

"अगं, हा इथे आहे!" त्या ओरडल्या. "खिळे ठोकलेत मेल्यांनी."

मी हललो असतो तर बरं झालं असतं, पण खिळ्यांनी हलू दिलं नाही. बाईंनी नाक पुसलं आणि भाचीला म्हणाल्या, "बरं, येते. पण मध्यंतरापर्यंतच. सगळे माशांसारखे तोंडं हलवायला लागले आणि मला काही कळलं नाही, तर सरळ घरी. आणि मग पुन्हा माझ्यापुढे नाटकाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," भाची म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. एका संध्याकाळच्या नाटकाने आत्याला परत माणसांत आणायचं, हे काही सोपं काम नव्हतं.

नाटकाच्या दिवशी दुपारी मंडळी आली. मोठमोठे पेटारे, रंगवलेला समुद्र, दीपगृहाचे दोन तुकडे. तालीम सुरू झाली आणि त्यांच्या मशीनमधून ढगांऐवजी एक लांबलचक 'फुस्स' आलं. साउंडवाल्याने झाकण उघडलं, वायरी ओढल्या, फुंकर मारली, शेवटी हात टेकले. गाणाऱ्यांचे माइक चालत होते, वाद्यं ठणठणीत होती, फक्त वादळ आजारी पडलं होतं. तेव्हा दरवानाला माझी आठवण झाली. खिळे उपटून मला आत आणलं आणि माझ्या जुन्या जागी टांगलं. मित्रांनो, मला काय वाटलं म्हणून सांगू! इतका आनंद मला जन्माला येतानाही झाला नव्हता.

पण आनंद टिकला नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी वादळाची चाहूल लागते. मुलगी आकाशाकडे बघते आणि दूर कुठेतरी गडगडतं. साउंडवाला बिचारा मनाने चांगला, पण त्याने काय करावं? त्याने सुताराची हातोडी घेतली आणि माझ्या पोटात हाणली. मोरीत भांड्यांचा ढीग कोसळावा तसा आवाज झाला. सगळं नाट्यगृह हसत सुटलं. मुलगी आकाशाकडे बघत तशीच उभी, आणि लोक पोट धरून हसतायत. पडदा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पडद्यापलीकडून, तिसऱ्या रांगेतून, तोच आवाज आला. "लोक हसतायत का गं? वादळाला?" भाचीने काहीतरी सांगितलं असावं, कारण पुढचं वाक्य पहिल्याहून मोठ्याने आलं. "मारलं! कुणीतरी पत्र्याला मारलं! माझ्या पायांना काही जाणवलंच नाही. वादळ झालं की खालची फळी थरथरायला हवी!"

दोन मिनिटांत बाई पडद्याआड हजर. मागून भाची सगळ्यांची माफी मागत येत होती. स्टेज मॅनेजर बाई हातात टॉर्च घेऊन आडव्या आल्या.

"प्रेक्षकांना आत यायला परवानगी नाही."

"काय म्हणतात?" बाईंनी भाचीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या पोटावरचा पोचा पाहिला. "हातोडी कुणाची?"

"माझी," साउंडवाला म्हणाला. "म्हणजे सुताराची. पण मारली मी. मला हे येत नाही हो, आजी. तुम्हाला येतं का?"

भाचीने सगळं समजावून सांगितलं. स्टेज मॅनेजर बाई ऐकत होत्या, पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या नाहीत. "मला त्यांचा अपमान करायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या अंकातलं गाणं सगळं वेळेवर अवलंबून आहे. ज्यांना गाणं ऐकू येत नाही, त्या मध्ये आवाज कसा देणार? पुन्हा चुकलं तर नाटक संपलं."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बाई एकेकाच्या ओठांकडे बघत होत्या, आणि आपल्याला नको म्हणतायत एवढं त्यांना कळलं होतं. त्यांचा हात मुठीवरून हळूहळू खाली सरकला.

तेव्हा ती मुख्य गायिका पुढे आली, दीपगृहातली मुलगी. रडून तिचं काजळ गालांवर ओघळलं होतं. "हसले ते माझ्यावर," ती म्हणाली. "पुन्हा हसले तर मी कंदिलासकट त्या रंगवलेल्या समुद्रात उडी मारीन. यांना करू द्या." मग ती बाईंसमोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "मी कंदील वर उचलला की तुमचे ढग. चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "आधी याला जरा झोपेतून उठवू दे."

त्यांनी मूठ धरली आणि नुसतं मनगट हलवलं. मी खोल, लांबून, डोंगरापलीकडून गडगडलो. बाहेर मध्यंतराचा चहा चालला होता. तिथली कुजबूज एकदम थांबली. नंतर दरवानाने हसत हसत सांगितलं की चार माणसं दारात जाऊन आभाळाकडे बघत होती, आणि एकाने तर छत्री शोधायला सुरुवात केली. स्टेज मॅनेजर बाईंनी टॉर्च खिशात ठेवला आणि बाईंना उभं राहायला स्वतः जागा करून दिली.

दुसरा अंक उघडला. मुलगी दीपगृहाच्या टोकावर चढली, वाद्यं वाजू लागली, तिने पहिली ओळ गायली आणि कंदील उचलला. बाईंनी मला हलवलं. मी असा गरजलो की पुढच्या रांगेतल्या एका माणसाने बायकोचा हात धरला. कुणीही हसलं नाही. दुसरी ओळ, पुन्हा कंदील, पुन्हा मी, आता आणखी जवळ. तिचाही आवाज चढला. मला हरवल्याशिवाय ती राहणार नव्हती, आणि मीही ऐकणार नव्हतो.

मग शेवटची ओळ आली. सगळ्यात मोठी वीज इथेच कोसळते आणि त्या उजेडात होड्यांना किनारा दिसतो. मुलगी गाण्यात इतकी रंगली होती की तिने कंदील छातीशी घट्ट धरला. तो वर उचलायचाय हे ती साफ विसरली! साउंडवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आता! आजी, आता!" तो कुजबुजला. पण बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं, आणि कुजबुजून त्यांना काय कळणार होतं? त्या कंदिलाकडेही बघत नव्हत्या. त्या मुलीच्या खांद्यांकडे बघत होत्या. ओळ संपता संपता गाणाऱ्याचा श्वास संपतो आणि खांदे खाली येतात. ते खांदे खाली येताक्षणी बाईंनी मला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की मी दोरांसकट उसळलो.

मित्रांनो, तसा गडगडाट मी आयुष्यात केला नव्हता. खालच्या फळ्या थरथरल्या. वरून धूळ पडली. पोटातल्या पोच्यामुळे माझ्या आवाजाला एक नवीनच घरघर आली होती, ती वादळाला फार शोभली. रंगवलेल्या समुद्रावर उजेड पडला आणि होड्या दिसल्या.

बाईंनी माझ्यावर तळहात टेकवला. मी शांत झालो. नेहमीसारखा, अगदी शहाण्यासारखा. आणि मग मी पुन्हा थरथरू लागलो.

बाई दचकल्या. मी थांबलो नाही असं वाटून त्यांनी दुसराही हात टेकवला. थरथर वाढली. त्यांनी अंगाचा भार घातला. थरथर आणखी वाढली. त्यांचा चेहरा पडला. शेवटी आपलं चुकलंच, असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना कसं सांगू की हे माझं काम नाही? बाहेरचं अख्खं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्या टाळ्या माझ्या अंगावर येऊन आदळत होत्या!

भाची धावत आली. तिने आत्याचा चेहरा वळवला. तिला रडू येत होतं, ओठ नीट हलेनात, म्हणून तिने नुसते दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवून दाखवल्या आणि पडद्याकडे बोट केलं.

बाईंनी भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच त्यांनी आपला गाल माझ्या गार अंगाला लावला आणि डोळे मिटले.

"येतायत गं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या होत्या. "ऐकू येतायत."

लोकांनी वन्स मोअर मागितला. गाणं पुन्हा झालं, या वेळी कंदील अगदी वेळेवर वर गेला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. शेवटी सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं तेव्हा मुलीने बाईंना हाताला धरून पुढे नेलं. मला कुणी नेलं नाही. मला दोर होते, म्हणून मी समजून घेतलं. मध्यंतराला घरी जायचं ठरलं होतं, हे त्या रात्री आत्या-भाची दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

तिकीटखिडकीशेजारी आता नवी काच बसली आहे आणि मी माझ्या जागी टांगलेला आहे. फिरती मंडळी येणार असली की आधी बाईंना निरोप जातो. वादळ नसलेलं नाटक असलं तरी त्या येतात. भाची प्रेक्षकांत बसते आणि बाई आत माझ्याशेजारी खुर्ची टाकून, माझ्यावर हात ठेवून, टाळ्यांची वाट बघतात.

म्हणून मित्रांनो, जाता जाता एकच मागणं. घरातल्या कुणाला ऐकू येत नसेल, तर त्याला घरी ठेवून नाटकाला जाऊ नका. त्यालाही घेऊन या. आणि गाणं आवडलं तर हात राखून टाळ्या वाजवू नका, चांगल्या जोरात वाजवा. आत पडद्यामागे कुणीतरी पत्र्याला हात लावून ऐकत असतं.