सुलट ठेवलेला घडा

मी एक जुना घडा आहे, मित्रांनो, आणि माझं सगळं आयुष्य पालथं गेलं. हसू नका. तुमच्या शाळेत ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला गुरुजी पालथा घडा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे मेहनत फुकट, असंही म्हणतात. पण माझ्या पाठीवर चोवीस वर्षं तांदळाचं पाणी फिरलं आणि त्यावर एक घर जेवलं. ही म्हण ज्याने केली त्याने गोदावरीच्या या टोकाला एकदा येऊन जायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पोलय्या नावाच्या कुंभाराने मला घडवलं. पाण्याचे घडे तो गप्पा मारत करायचा, पण आमच्यासारखे, म्हणजे रेकू, तांदळाचे पातळ पापुद्रे, काढायचे घडे करताना त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. आमची पाठ सगळीकडून सारखी गोल लागते. कुठे खळगा नको, कुठे उंचवटा नको. तोंड एका बाजूने मोठं कापतात, म्हणजे चुलीवर पालथं घातल्यावर आत जाळ सारता येतो. आव्यातून मी बाहेर आलो तेव्हा माझ्याबरोबरचे पाच जण तडकले होते. पोलय्याने मला उचलून बघितलं आणि म्हणाला, हा टिकेल. म्हातारा कुणाचं फारसं कौतुक करत नसे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आमच्या गावात नवी सून आली की सासू तिला घडा घेऊन देते. सुब्बायम्मा आपल्या सुनेला घेऊन आली ती पोलय्याला शिव्या घालतच आली, कारण त्याने मागच्या वेळचा घडा कच्चा दिला होता म्हणे. सुनेचं नाव नूकरत्नम. अठरा-एकोणीसची पोर, हळदीचा रंग अजून अंगावर होता. सासू म्हणाली, घडा डोळ्यांनी नाही निवडायचा, कानांनी निवडायचा. मग रत्नमने बोटाच्या पेराने एकेकाला टकटक केलं. माझ्यापाशी आली, टकटक केलं, आणि पुढे गेलीच नाही. तिने मला कडेवर घेतलं. रस्ताभर सासू बजावत होती की पोरीसारखा सांभाळ, आणि रत्नम लाजून खाली बघत होती.

तीन दिवस मला तेल चोळून जाळावर तापवलं. पहिले रेकू फाटले, ते शेजारच्या वासराने खाल्ले. चौथ्या दिवसापासून मात्र माझी पाठ आणि तिचा हात यांचं जमलं ते जमलंच. तांदूळ वाटून दुधाइतकं पातळ पीठ करायचं. त्यात फडकं बुडवायचं आणि माझ्या तापलेल्या पाठीवरून एकदाच ओढायचं. चुर्र होतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पांढरा पापुद्रा सुटतो. तो रेकू. तो इतका पातळ असतो की त्याच्या आडून बघितलं तर पलीकडचा माणूस ओळखू येतो. त्यात तूप आणि गूळ किंवा साखर घालून गुंडाळी केली की झाले पूतरेकुलु. गुंडाळ्या दुकानात होतात, डबे दुकानात भरतात, नाव दुकानाचं होतं. आमचं काम पापुद्र्यापर्यंतच.

माझ्या पोटात लाकूड कधी घातलं नाही. नारळाच्या सुक्या झावळ्याच लागतात, कारण त्यांचा जाळ पसरट आणि हलका असतो. तो बोलतोसुद्धा. जाळ चढला की तडतडतो, उतरला की फुसफुसतो. धूर मात्र खूप होतो, आणि तो सगळा बसणाऱ्या बाईच्या तोंडावर येतो.

रत्नमला मुलगी झाली, तिचं नाव तायारु. ती तीन वर्षांची असताना तिचे वडील नारळावरून पडून गेले, आणि पुढच्याच वर्षी सुब्बायम्माही गेली. तेव्हापासून त्या घरात कमावणारे दोघेच, रत्नम आणि मी. आमच्यातले बरेच घडे दोन-तीन वर्षांत फुटतात. मी चोवीस वर्षं टिकलो ते माझ्या गुणांनी नाही. रोज काम संपलं की ती मला सावकाश थंड होऊ देई, वाऱ्याला ठेवत नसे, आणि आठवड्याला तेलाचा हात फिरवी. स्वतःच्या केसांना तेल नसलं तरी मला असायचं.

तायारु सहा-सात वर्षांची असताना एकदा आई पाण्याला गेलेली बघून माझ्यापुढे बसली आणि तिने फडकं ओढलं. मित्रांनो, रेकू अख्खा निघाला. मला तर आनंदच झाला. नाचत नाचत तिने तो आईला दाखवला, आणि आईने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की रेकू मातीत पडला. मग तिला पोटाशी धरून रत्नम स्वतःच रडायला लागली. म्हणाली, या जाळापुढे माझ्यानंतर माझ्या घरातलं कोणी बसणार नाही. मला त्या वेळी राग आला होता. आता येत नाही.

तायारु शिकली. राजमहेंद्रवरमला नर्सिंगच्या शाळेत गेली, आणि रत्नमने झावळ्यांचे भारे दुप्पट केले.

याच सुमारास आमच्या गावाचा शोध लागला. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, शोध लोकांना लागला. कालव्याच्या रस्त्यावर वीर्राजुने आपल्या टपरीचं मोठं काचेचं दुकान केलं. पूतरेकुलुचे डबे, आंबापोळी, खाजे, आवकाय लोणच्याच्या बरण्या, लाखेची लाकडी खेळणी, नारळाच्या करवंटीचे दिवे, सगळं एका छपराखाली. हैदराबादच्या गाड्या थांबायला लागल्या. एक बाई फोन समोर धरून म्हणत होती म्हणे, की बघा, आम्ही हे गाव शोधून काढलं! रत्नम ते ऐकून आली आणि शेजारणीला म्हणाली, बरं झालं बाई, मी हरवले होते हे मला माहीतच नव्हतं. दोघी खूप हसल्या. तिचं तसं हसणं त्यानंतर मी ऐकलं नाही.

कारण तिचे डोळे जात होते. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. काकिनाड्याच्या डॉक्टरने सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढला असता, पण इथे नसाच सुकल्यात, आणि जाळापुढे तर मुळीच बसू नका. ती बसने घरी आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बसली. हे तिला, त्या डॉक्टरला आणि मला एवढ्यांनाच माहीत होतं. पीठ उजवीकडे, फडकं गुडघ्यावर, ताट डावीकडे, कधी हलवायचं नाही. जाळ कानाने कळायचा, रेकू सुटला की बोटांना कळायचा. सुरू करायच्या आधी ती मला टकटक करून बघायची, पहिल्या दिवशी केलं होतं तसं.

रेकूंना पडलेली भोकं मात्र तिला दिसत नव्हती. वीर्राजुकडून गठ्ठे परत येऊ लागले.

एके दिवशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “तायारुची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तिला कळलं तर पोरगी सगळं सोडून येईल आणि या जाळापुढे बसेल. तोवर तू टिक, मी टिकते.”

मी घडा. मी काय बोलणार? पण मी मनात हो म्हटलं, मित्रांनो. तुमच्यापैकी कुणी कुणाला शब्द दिला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

संक्रांतीच्या आधी वीर्राजु घरी आला. माणूस वाईट नाही, बोलायला गोड, फक्त त्याला घाई फार. लोकांना रेकू कसा निघतो ते बघायचं असतं, म्हणाला, तुम्ही आठ दिवस दुकानात काचेमागे बसा, मग वर्षभर तुमचा एकही गठ्ठा परत करणार नाही. गावातला सगळ्यात जुना घडा तुमचाच, तोही आणा. फक्त धूर नको, काचा काळ्या होतील. गॅसची शेगडी ठेवतो.

रत्नम म्हणाली, घडा जुना आहे, गॅसवर तडकेल. तो म्हणाला, तडकला तर नवा घेऊन देईन, अम्मा, त्यात काय एवढं. खरं कारण तिला सांगता येईना. झावळीचा जाळ मला ऐकू येतो आणि गॅस ऐकू येत नाही, हे सांगायचं तर डोळ्यांचंच सांगावं लागलं असतं. गठ्ठे परत आले असते तर तायारुची फी थांबली असती. ती हो म्हणाली.

दुकानात मला हार घातला. आजवर माझ्या गळ्यात कुणी फूल घातलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गर्दी जमली, फोन वर झाले. रत्नमने चाचपून पीठ, फडकं, ताट कुठे आहे ते बघून घेतलं. पहिले तीन रेकू असे निघाले की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणीतरी म्हणालं, ज्वाला दिसत नाही, जरा वाढवा. कुणीतरी शेगडीची कळ फिरवली. आणखी कुणीतरी, चित्रात नीट यावं म्हणून, रेकूंचं ताट हातभर बाजूला सरकवलं. रत्नमला यातलं काहीच कळलं नाही. गॅस मुका. एकाच जागी आग लागली होती, माझं पोट तिथे फाटत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. रेकू करपून चिकटला. तिने बोटांनी तो सोडवला, डावीकडे नेला आणि सोडून दिला. तो जमिनीवर पडला. लोकांना वाटलं गंमत आहे, ते हसले. तिने दुसरा काढला आणि तोही हवेत सोडला. तिसराही.

गर्दीत तायारु उभी होती. सणाची सुट्टी मिळाली म्हणून न कळवता आली होती, घरी कुलूप बघून सरळ दुकानात आली होती. ती काचेच्या आत आली, आईसमोर बसली आणि तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. रत्नमची पापणी हलली नाही. त्याच वेळी मी तडकलो. टक असा एवढासाच आवाज झाला, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

रत्नम थांबली. मग लेकीच्या साबणाचा वास आला असेल, म्हणाली, “तायारु?”

“अम्मा, किती दिवसांपासून?”

“ते राहू दे,” रत्नम म्हणाली. “आधी घड्याला बघ. गेला का?”

तायारु परत शाळेत गेली नाही. आई तिच्यावर ओरडली, दोन दिवस जेवली नाही, अगदी चुलीवरची काडी उगारली. पोरगी म्हणाली, तू चाचपडत पाण्याला जायचं आणि मी परगावी लोकांच्या आयांना औषधं द्यायची, हे मला नाही जमणार. वीर्राजुने शब्द पाळला, नवा घडा घेऊन दिला. तो निवडायला मायलेकी गेल्या तेव्हा टकटक आईनेच केलं. आता त्या घरात जाळापुढे तायारु बसते. हात आईपेक्षा चांगला आहे, असं गाव म्हणतं.

मी टिकलो असतो तर? रत्नम पुढच्या एखाद्या रेकूवर कशीबशी सावरली असती, हसण्यावारी नेलं असतं, उन्हाळा निघाला असता? नाही, तायारुने आधीच बघितलं होतं. हे मी स्वतःला रोज सांगतो. तरी शब्द दिला होता तो मी पाळला नाही, हे काही जात नाही.

मला वीर्राजुने मागून घेतलं. मी दुकानात दाराशी, रस्त्याकडच्या काचेमागे असतो, आतून कुणाचाही हात पोचतो, तडा भिंतीकडे केलाय. सुलट ठेवलंय मला, आयुष्यात पहिल्यांदा. तोंडात प्लास्टिकची फुलं आहेत, पोटात चॉकलेटचे कागद, कारण मुलं टाकतात. पुढे पाटी आहे, आमची परंपरा. त्या दिवसाचं चित्रही पडद्यावर सारखं चालू असतं. त्यात पहिले तीन रेकू आहेत आणि टाळ्या आहेत. पुढचं कापलंय.

मागच्या महिन्यात तायारु रेकूंचा गठ्ठा द्यायला आली, बरोबर आई होती. लेक आत गेली तेवढ्यात रत्नम हाताने भिंत धरत धरत दाराशी आली. खेळण्यांना हात लागला, बरण्यांना लागला, आणि मग मला. ती थांबली. बोटाच्या पेराने टकटक केलं. मी बद्द वाजलो. फुटका घडा दुसरं काय वाजणार? पण तिने ओळखलं.

“अरे, तू होय,” ती हळूच म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीवरून वर सरकला, माझ्या तोंडापर्यंत आला, फुलांना लागला. तिने कपाळाला आठ्या घातल्या. “हा सुलटा कुणी ठेवला? याला सवय नाही गं. पालथा घाला त्याला.”

गल्ल्यावरची मुलगी नवी होती. तिने लांबूनच हाक मारली, “अम्मा, हात लावू नका हं. ते बघायचं आहे.”

रत्नमने हात काढून घेतला. चुकलं, म्हणाली, आणि भिंत धरून परत गेली.

मित्रांनो, तुम्ही गावोगाव फिरता, नवी दुकानं शोधता, डबे घेता. जरूर घ्या, त्यावर घरं चालतात. पण डबा उघडलात की खायच्या आधी तो पांढरा पापुद्रा एकदा डोळ्यांपुढे धरा आणि तो कुणी काढला ते दुकानात विचारा. नाव सांगता आलं नाही तर पुन्हा विचारा. आणि कालव्याच्या रस्त्याला आलात, दाराशी काचेमागे मी दिसलो, तर माझं एक काम करा. त्या मुलीचं लक्ष नसेल तेव्हा फुलं काढा आणि मला पालथा घाला. रत्नम पुन्हा आली तर तिच्या हाताला माझी पाठच लागू दे.