दोन बंदुकांतली एक

"तुला हवी ती बंदूक आधी तू घे, उरेल ती मी घेईन," असं आंद्रीस म्हणाला, तेव्हाच ड्रीनाच्या मनात पाल चुकचुकली.

बापाला पुरून आठवडाही झाला नव्हता. रेहोबोथ गावाच्या दक्षिणेला, दोन कोरड्या नद्यांच्या मधे दिरगार्डांची ती मेंढ्यांची वाडी. भाऊ आंद्रीस समुद्रकाठच्या वॉल्विस बेहून आला होता. तिथं मासळीच्या कारखान्यात तो मुकादम होता. इतक्या वर्षांत तो घरी आला तो आईच्या मातीला आणि आता बापाच्या. आणि असा माणूस पहिल्या फटक्यात म्हणतो, आधी तू घे!

बाप मरताना आपल्या धाकट्या भावाला, योसेफकाकांना, एवढंच सांगून गेला होता की बंदुका पोरांनी एकेक घ्याव्या. वाडी ड्रीनाकडे राहणार हे ठरलेलंच होतं. तिनंच ती सांभाळली होती. आंद्रीसनं त्याला हूं की चूं केलं नव्हतं. तेही तिला खुपत होतं.

लोखंडी कपाटातून तिनं दोन्ही बंदुका काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या. मेंढ्यांच्या कातड्यांना सोन्याचा भाव होता तेव्हा बापानं विंडहुकला जाऊन आणल्या होत्या. एकच काडतूस दोन्हींना चाले. काडतूस आत ढकलणारा बोल्ट तसाच, दुर्बीण तशीच, वजनही तेच. फरक एवढाच, की एकीचा अक्रोडी दस्ता बापाच्या गालानं आणि घामानं काळा पडला होता, बोल्टच्या मुठीवरचा रंग उडून पांढरं पोलाद दिसत होतं. आणि दुसरी जवळजवळ कोरी होती. बाप दर महिन्याला तिला तेल द्यायचा, पुसायचा आणि परत कपाटात ठेवायचा. शिकारीला कधी न्यायचा नाही.

"बाबा ही का वापरत नसत?" तिनं विचारलं.

आंद्रीस चुलीशी उभा राहून कॉफी पीत होता. तो क्षणभर थांबला. "मला काय माहीत? मी होतो का इथं?"

तो थांबला ते तिनं टिपलं.

दुपारी तिनं दोन्ही बंदुका नदीच्या पात्रात नेल्या. बाभळीच्या बुंध्याला पुठ्ठा ठोकला, पिठाच्या पोत्यावर नळी टेकवली आणि दोन्हींतून बार काढले. दोन्हींची भोकं पुठ्ठ्यावर तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात. डावं-उजवं करायला जागाच नव्हती. मग शहाणा माणूस कुठली घेईल? कोरी. नळी झिजलेली नाही, पुढची वीस-तीस वर्षं बघायला नको. हे तिला कळतं तर आंद्रीसला कळत नसेल?

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती जरा आडवी झाली होती. लोकर कातरायच्या शेडमधून आवाज आला. खट्. मग बारीकसा टिक्. पुन्हा खट्, पुन्हा टिक्. ती अनवाणीच उठून गेली आणि पत्र्याच्या फटीतून बघितलं. आंद्रीस लोकरीच्या गठ्ठ्यावर बसला होता. मांडीवर कोरी बंदूक. बोल्ट बंद करायचा, चाप अडवणारी सेफ्टीची कळ लावायचा, सेफ्टी काढायचा, कान लावून ऐकायचा. चापाला हात नाही. पुन्हा बोल्ट. चेहरा असा, जणू कुणी दाराबाहेर उभा राहून आतलं बोलणं ऐकतोय.

"काय चाललंय?"

तो दचकला. "काही नाही. बघत होतो."

"माझी निवड होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"असं कधी ठरलं होतं, ड्रीने?"

"आता ठरलं."

तिनं बंदूक काढून घेतली. दस्त्याखालच्या स्क्रूवर ताजा ओरखडा होता. म्हणजे यानं उघडलीसुद्धा! रात्री भाकरी भाजताना तिच्या डोक्यात तोच भुंगा. हा बिघडवतोय. मी कोरी घेणार हे यानं ओळखलंय. ती फुसकी निघाली की मी बापाची घेईन, आणि मग हा कोरी दुरुस्त करून घेऊन जाईल. लहानपणी ताटातला मटणाचा तुकडा असाच निवडायला लावायचा, आणि मोठा तुकडा भाताखाली लपवलेला असायचा.

"मी कोरी घेतेय," तिनं ताट पुढ्यात आदळत सांगितलं.

आंद्रीसनं मान वर केली. "बापाची घे, ड्रीने. तुझ्या हाताला बसलेली आहे."

"तूच म्हणालास ना, हवी ती घे?"

"म्हणालो. पण—"

"पण काय?"

तो ताटातलं मांस चिवडत राहिला. झालं, तिला वाटलं, नेम बरोबर बसला.

आंद्रीसला घरातून का जावं लागलं होतं, हे वाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. एकोणीस वर्षांचा असताना हिवाळ्यातल्या शिकारीत त्याच्या हातून बार सुटला आणि योसेफकाकांच्या मांडीतून गेला. काका वाचले, पण तेव्हापासून लंगडत. पोरानं शपथा घेतल्या की माझं बोट चापावर नव्हतं, मी फक्त सेफ्टी काढली. बापानं त्याच्या कानाखाली वाजवली. लंगडं केलंस ते केलंस, वर खोटं बोलतोस! तू बंदूक धरायच्या लायकीचा नाहीस. ड्रीना तेव्हा विंडहुकच्या वसतिगृहात होती. सुट्टीला आली तोवर भावाची खाट रिकामी होती. त्या दिवशी दोहोंतली कुठली बंदूक त्याच्या हातात होती, हे कुणी विचारलंच नाही. दोष बंदुकीचा असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी चर्चमधली माणसं जेवायला येणार होती, मांस हवं होतं. शनिवारी उजाडता उजाडता दोघं पिकअप घेऊन निघाले. काचेवर हिमाचा पापुद्रा होता, तो आंद्रीसनं पत्त्याच्या पानानं खरवडून काढला. बोटं वाकत नव्हती. ड्रीनानं कोरी बंदूक स्वतःच्या गुडघ्यांमधे धरली होती. त्याच्या हाती तिनं बंदूक दिलीच नव्हती, आणि त्यानं मागितलीही नव्हती. सबंध वाटेत तो तिच्या हाताकडे मात्र बघत होता.

"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.

"नळी खाली ठेव."

"मला शिकवू नकोस."

कुंपणाच्या फाटकापाशी पोचताच पलीकडे लांबवर कुडू हरणांचा कळप दिसला. तीन माद्या आणि एक नर, शिंगं बाभळीत मिसळून गेलेली. ड्रीना हळूच उतरली, काडतूस आत सरकवलं, बोल्ट बंद केला, सेफ्टी लावली. आंद्रीस पलीकडून उतरून फाटक उघडायला पुढे गेला. ती बॉनेटकडे सरकली, नळी जमिनीकडे, बोट चापाच्या कडीबाहेर लाकडावर सरळ टेकवलेलं. अंगठ्यानं सेफ्टी पुढे ढकलली.

बार झाला.

पुढच्या चाकाचा टायर फाटला, वाळू उडून तिच्या तोंडावर आली. कुडू दोन ढांगांत दिसेनासे झाले. गाडी एका अंगाला हळूहळू बसली. आंद्रीस चार हातांच्या अंतरावर फाटकाला धरून उभा होता.

"तूच केलंस!" ती किंचाळली. "हलकटा, तूच उघडून काहीतरी करून ठेवलंस! माझा पाय गेला असता, तुझा जीव गेला असता!"

तो जवळ आला. ओरडला नाही. अगदी हळू विचारलं, "बोट कुठं होतं तुझं?"

"बाहेर होतं!"

"परत सांग."

"लाकडावर होतं. देवाशपथ. मी फक्त सेफ्टी काढली."

आंद्रीस तिथंच वाळूत बसला, टायरला पाठ लावून. त्यानं टोपी काढली आणि तोंडावर धरली. खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय हे तिला समजेना. समजायच्या आधी तिनं आपलं काम केलं: बोल्ट काढून कोटाच्या खिशात घातला. आता याला बंदुकीशी काही करता येणार नव्हतं.

टायर दोघांनी मिळून बदलला. त्यातच त्यानं सांगितलं. चार दिवस तो तेच शोधत होता. दस्ता काढून बघितला, बोल्ट शेकडो वेळा उघडला-मिटला. एकदाही बिनचाप सुटली नाही. "काल रात्री मी ठरवून टाकलं होतं," नट आवळता आवळता तो म्हणाला, "की माझंच बोट असणार. इतकी वर्षं मी स्वतःशीच खोटं बोललो असणार."

"मग बापाची घे असं का म्हणालास?"

"तरी भीती होती म्हणून. मला वाटलं होतं, तू आपणहून तीच घेशील."

"मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस? आंद्रीस म्हणतो बंदूक वाईट आहे. तू काय म्हणाली असतीस?"

तिला उत्तर माहीत होतं. पण संशय एवढ्यानं जात नाही. स्वतःला खरं ठरवायला यानं बंदूक मुद्दाम तशी करून ठेवली नसेल कशावरून? ती म्हणाली, "गावात हार्टुंगकडे जाऊ. तो बघेल. तू दुकानात बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

हार्टुंग हा बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा जर्मन. त्यानं ऐकून घेतलं, बोल्ट बसवला, दोन-चारदा चालवून बघितला. काही झालं नाही. मग मागच्या खोलीत जाऊन त्यानं बंदुकीचा मधला भाग कापडात गुंडाळून फ्रीजरमधे, सॉसेजच्या पिशव्यांवर आडवा ठेवला आणि दोघांना कॉफी दिली. दुसरा कपही संपला. मग त्यानं तो बाहेर काढला. बोल्ट, सेफ्टी, सेफ्टी पुढे. टिक्. आणि चापाला हात न लावता आतला घोडा ठक्कन पडला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"थंडीत तेल घट्ट होतं आणि चाप पुरता जागेवर येत नाही," तो म्हणाला. "आतली कड मुळातच नीट घासलेली नाही. उन्हात बसून दिवसभर खटखट करा, कळणार नाही."

"कुणी मुद्दाम केलेलं?" ड्रीनानं विचारलंच. आंद्रीसनं मान खाली घातली.

"छे. जन्मापासूनची खोड आहे ही." हार्टुंगनं चष्मा काढला आणि जरा गोंधळून तिच्याकडे बघितलं. "पण हे मी तुमच्या वडिलांना दाखवलं होतं. असंच थंड करून. तुमच्या काकांना लागलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. मी म्हटलं, चाप बदलून देतो. नंतर आणतो म्हणाले. आणली नाही."

आंद्रीस उठला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

परतीच्या वाटेवर ती मधेच योसेफकाकांच्या घरापाशी वळली. म्हातारा ओसरीत कातड्याचा पट्टा शिवत होता. तिनं दम न घेता विचारलं, "काका, बाबांना माहीत होतं. तुम्हाला?"

काकांनी सुई थांबवली. पिकअपमधे बसलेल्या आंद्रीसकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे माहीत होतं."

"तो माझ्याकडे येऊन रडला होता, पोरी. मी म्हटलं, पोराला बोलावून घे. म्हणाला, ईस्टरला बोलावतो. मग म्हणाला, ख्रिसमसला. चाप बदलला असता, तर का बदलला ते तुझ्या आईला सांगावं लागलं असतं. आई सगळ्या गावाला सांगत होती ना, पोरगा खोटारडा निघाला म्हणून. मला म्हणाला, दुरुस्त केलीय. मीही मान डोलावली. मला काय, पाय तर गेलेलाच होता."

"तुम्ही का नाही कळवलंत दादाला?"

"भाऊ होता तो माझा."

"आणि हा कोण होता?"

काकांनी पट्टा खाली ठेवला. ते उठले, काठी न घेता, भिंतीला धरत अंगणात उतरले आणि गाडीच्या खिडकीशी गेले. ड्रीना ओसरीतच थांबली. ते काय बोलले हे तिला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की आंद्रीस समोर बघत राहिला, आणि म्हाताऱ्यानं खिडकीवर ठेवलेला हात त्यानं ना धरला, ना झटकला.

संध्याकाळी अंगणात शेकोटीपाशी तो पहिल्यांदा बोलला. "माझं बोट असतं तर बरं झालं असतं. मग बाप तरी नीट राहिला असता."

तिनं त्याच्या ताटात मांस वाढलं, तर तो म्हणाला, "पुरे."

जायच्या दिवशी त्यानं एक गोष्ट मागितली, इतक्या वर्षांत पहिलीच. "बापाची बंदूक मला दे."

ती कोरी, खोडीची बंदूक मग तिच्या वाट्याला येणार होती. चाप बदलायचा, पुन्हा नेम बसवायचा, सगळी दगदग. क्षणभर तिच्या मनात आलंच: म्हणजे शेवटी चांगली याच्याकडे गेली की. मग तिनं कपाट उघडलं. काळ्या दस्त्याची बंदूक तिनं दोन्ही हातांनी त्याला दिली. परवान्याचं पोलिसात काय ते बघू, असंही म्हणाली.

"तिथं समुद्रावर काय मारणार आहेस?"

"काही नाही. फक्त हवी आहे."

तिनं ती कापडात गुंडाळून दिली.

हार्टुंगनं नवा चाप बसवून दिला. त्या हिवाळ्यात ड्रीनानं त्या बंदुकीनं दोन स्प्रिंगबॉक हरणं मारली, पण काडतूस आत सरकवायची ती जनावर समोर आल्यावरच. एक मोठा कुडू नुसत्या बोल्टच्या आवाजानं पळाला. तिनं त्याला जाऊ दिलं, शिवी न घालता.

ऑगस्टात, थंडी ओसरताना, एका दुपारी ती पवनचक्कीची साखळी ओढत होती, तेव्हा आंद्रीसचा फोन आला. आता याला काय हवंय, असं तिच्या मनात आलं. आलंच. मेंढ्या कशा आहेत, त्यानं विचारलं. बऱ्या आहेत, ती म्हणाली. टाकीत पाणी आहे का, विचारलं. आहे. पलीकडे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट चालला होता.

"एवढंच," तो म्हणाला.

"एवढंच?"

"हो गं. एवढंच."

ती फोन कानाला लावून उभी राहिली. त्यानं ठेवेपर्यंत तिनं ठेवला नाही.