एकतारीच्या भोपळ्याला नख

भय्याजींची एकतारी पवनीच्या बसस्टँडवर, गाडी सुटायच्या आधी फुटली. एसटीत कंडक्टर असताना जन्मभर लोकांना "सामान मांडीवर घ्या" असं सांगणाऱ्या भय्याजींनी त्या दिवशी ती शेजारच्या सीटवर ठेवली होती. एक भरल्या अंगाचे गृहस्थ आले, रामराम म्हणाले आणि बसले. भोपळ्याचे तुकडे झाले. गृहस्थ अर्धवट उठले आणि म्हणाले, "काही होतं का जी इथं?"

"होतं," भय्याजी म्हणाले.

गावात, कोंढ्यात, कीर्तन असलं की बुवांच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत, डावीकडून पहिले उभे राहायचे ते भय्याजी. गळा भक्कम. पण सूर सगळा एकतारीच्या हवाली. ती फुटल्यानंतरच्या पहिल्याच कीर्तनात ते असे काही गायले की मृदंगवाल्यानं वाजवणं थांबवून आधी स्वतःचा मृदंग तपासला. कीर्तनाला लाखनीचे ताराचंद महाराज होते, मायाळू माणूस. मागे वळून हळूच म्हणाले, "भय्याजी, आज तुम्ही नाम मनात घ्या."

तेव्हापासून भय्याजी रांगेत ओठ मिटून उभे राहू लागले. कीर्तनात ओठ मिटून उभं राहणं म्हणजे पंगतीत पत्रावळीसमोर हात बांधून बसणं. नागपूरहून फायबरची एकतारी आणून पाहिली. बादलीत माशी अडकल्यासारखी वाजली. परत केली.

मग लाखनीच्याच एका भजनी माणसाकडून त्यांनी गोल लवकीच्या, म्हणजे दुधी भोपळ्याच्या, बिया आणल्या आणि माघात गोठ्याशेजारी लावल्या. चातुर्मासाची कीर्तनं सुरू व्हायच्या आत वेलावर भोपळा वाळवायचा, सुताराकडून दांडी बसवून घ्यायची आणि तोंड उघडायचं, एवढाच बेत. वेलाला तीन फळं धरली. एक वानरांनी नेलं. दुसरं त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, चण्याच्या डाळीत शिजवलं.

"मले का माहीत, हे वाजवाची हाय म्हणून," रुखमाबाई म्हणाल्या. भाजी चांगली झाली होती. भय्याजींनी दोनदा घेतली आणि मग दुःख केलं.

तिसरं फळ गल्लीकडच्या भिंतीवर होतं. एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून भय्याजींनी त्याच्याखाली तणसाची, भाताच्या पेंढ्याची, चुंबळ ठेवली. भोपळा चुंबळीवर सरळ बसून, घागरीसारखा गोल होत गेला. आता त्याला काहीच लागत नव्हतं. फक्त कोणी हात लावायला नको होता.

आपल्याकडे लवकी दिसली की तिला नख लावून पाहतात. बाजारात लावतात, दुसऱ्याच्या परसात लावतात. नख रुतलं तर कवळी, नाही रुतलं तर जून. त्यात वाईट हेतू नसतो. पण एकतारीच्या भोपळ्याला नख लागलं की तिथं डाग पडतो, डाग खोल गेला की फळ आतून सडतं. आणि भिंतीजवळून येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबत होती. चार नखं लागलीही होती.

"बाई, नख नका लावू," भय्याजी शेजारच्या सत्यभामाबाईंना म्हणाले.

"विकत घेऊन नाही राहिली मी. पाहून राहिली."

"पाहाले डोये असतात."

"डोयानं कवळी का जून समजते का? जून होऊन राहिली भय्याजी. तोडा आता."

"जूनच होऊ द्याची हाय."

"मंग खासान कवा?"

"खाची नाही. वाजवाची हाय."

सत्यभामाबाईंनी भिंतीवरून रुखमाबाईंकडे पाहिलं.

"होय," रुखमाबाई म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून असंच हाय."

दुसऱ्या दिवशी भय्याजींना उपाय सुचला. फुटलेल्या एकतारीची खोळ घरात रिकामी लटकत होती. भगवी, खाली गोंडे असलेली. ती त्यांनी भोपळ्याला घातली. अगदी मापात बसली. नखापासून आणि उन्हापासून, दोन्हींपासून बचाव झाला असं समजून ते निश्चिंत झोपले.

सकाळी खोळीवर कुंकू होतं. खाली एक उदबत्ती जळून गेलेली.

त्यात चुकलं कोणाचं म्हणावं? भिंतीवर चुंबळ, चुंबळीवर गोल काहीतरी आणि त्यावर भगवं वस्त्र. माणूस चप्पल काढणारच. शिवाय यंदा जेठ अधिक आलेला. अधिक महिन्यात पुण्य जास्त लागतं आणि सकाळी लोकांना वेळही असतो. दोन दिवसांत वीस-पंचवीस माणसं येऊ लागली. नख लावायचं आता कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. भय्याजींना ते बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी लोकांनी पाणी घालायला सुरुवात केली.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. उन्हानं गोठ्याचे पत्रे कडकड वाजत होते. अशा उन्हात उघड्यावर बसलेल्या देवाला कोणी कोरडा ठेवत नाही. सत्यभामाबाईंनी पहिला तांब्या वेलाच्या बुडाशी ओतला, आणि मग प्रत्येकानं एकेक. भय्याजींनी वेलाचं पाणी वैशाखातच तोडलं होतं. वेल सुकला म्हणजे फळ वाळतं. वेल हिरवा राहिला तर फळात पाणी राहतं आणि पावसाळा लागला की ते भिंतीवरच सडतं. सुकायला लागलेल्या वेलाला आठवड्यात नवी पालवी फुटली. शेंड्याला एक फूलही आलं.

"चमत्कार," सत्यभामाबाई हात जोडून म्हणाल्या.

"पाणी हाय ते," भय्याजी म्हणाले. "बाई, तो देव नाही. लवकी हाय."

"असं म्हणू नये भय्याजी, अधिकात."

भय्याजी सरळ ताराचंद महाराजांकडे गेले. शनिवारी कोंढ्याच्या मंदिरात महाराजांचं कीर्तन होतं. त्यात दोन शब्द सांगून टाका, भोपळा हा भोपळा आहे, एवढंच म्हणा, अशी विनंती केली. महाराज म्हणाले, सांगतो.

कीर्तन छान रंगलं. उत्तररंगात महाराजांनी विषय काढलाही. "मंडळी, गावात भिंतीवर भोपळा बसला आहे. भय्याजी म्हणतात, तो देव नाही, भोपळा आहे." रांगेत ओठ मिटून उभे असलेल्या भय्याजींनी मान हलवली. "खरं आहे. पण मला सांगा, देव दगडात आहे, खांबात आहे, आपल्यासारख्या नाठाळांत आहे. मग एकट्या भोपळ्यानं काय घोडं मारलं?" आणि त्यावर महाराजांनी असा काही आलाप घेतला, भोपळा आतून पोकळ होतो तेव्हाच देव त्यातून बोलतो हे असं काही गाऊन सांगितलं, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भय्याजींच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. यात आपलं नुकसान होतंय, हे त्यांना घरी जाऊन चप्पल काढताना आठवलं.

सकाळी पाण्याची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती.

"आता का करू?" भय्याजी म्हणाले. "चातुर्मासात मले पुन्हा मुकंच उभं ठेवते हे गाव."

रुखमाबाईंच्या वांग्याचा वाफा त्याच भिंतीच्या आत होता. नवतप्यात त्याची पानं दुपारी माना टाकायची. विहीर खोल गेलेली, बादल्या ओढून त्यांचे हात दुखत होते. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा वांग्यांकडे. दिवस कलल्यावर त्यांनी भोपळ्याची खोळ काढली, वाफ्याच्या मधोमध एक माठ पालथा घातला आणि त्याला ती नेसवली.

"हे पाप हाय," भय्याजी म्हणाले.

"महाराजानं का सांगतलं? लवकीत देव हाय तर वांग्यात नाही का?"

भय्याजींनी विचार केला. मग माठावरच्या खोळीचे गोंडे सरळ केले.

सकाळी सत्यभामाबाई तांब्या घेऊन भिंतीशी थांबल्या. "का व रुखमा, देव सरकला का?"

"ऊन किती हाय, बाई. सरकन नाही तर का करन. या, आत या. पण इथल्या देवाचं कडक हाय. दिवस वर याच्या आत पाणी घालाचं. पानावर नाही, बुडाशीच. आन् ओल राहाले वरून तणस पसरवाचं."

"आन् तांब्यात उरलं तर?"

"मोगऱ्याले."

लोकांनी सगळं पाळलं. जेठाच्या त्या झळांत कोंढ्यात कोणाची वांगी लागली नसतील अशी रुखमाबाईंची लागली. मोगरा पावशेर पावशेर निघू लागला. वांगी त्या प्रसाद म्हणून वाटत आणि देताना देठ तपासून घ्यायला सांगत, कारण किडीला देव कळत नाही.

भिंतीवर भोपळा उघडा, कोरडा, एकटा बसून राहिला. वेल पिवळा पडला, मग तपकिरी, मग हात लावला की चुरा. पण तो आतून वाळला की सडला, हे कळायला मार्ग नव्हता. भय्याजी रोज त्याच्यासमोर उभे राहत आणि हात मागे बांधत. भीती अशी, की बोट लावलं आणि ते आत गेलं तर.

एका सकाळी वाफ्यात पाणी घालून सत्यभामाबाई परत निघाल्या. वाटेत लवकी दिसली. उघडी होती. हात आपोआप गेला.

"अगं माय," त्या म्हणाल्या.

भय्याजी गोठ्यातून शेणाच्या हातांनी बाहेर आले. "का झालं, बाई?"

"नख मोडलं माहं. लवकी हाय का गोटा?"

"कोणतं नख?"

"अंगठ्याचं. चांगलं वाढलेलं होतं."

"पुन्हा लावा," भय्याजी म्हणाले.

"आं?"

"दुसऱ्या हाताचं लावा. जोरानं."

सत्यभामाबाईंनी लावलं. तेही मोडलं. भय्याजींनी हात धुतले, देठ कापला, भोपळा कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या. ते तिथंच भिंतीला टेकून बसले आणि पुन्हा एकदा हलवला.

आषाढीनंतरच्या पहिल्या कीर्तनाला भय्याजी डावीकडून पहिले उभे होते. दांडी नवी, तार नवी, खोळ वाफ्यातून परत मागून आणलेली, तिला थोडी माती होती. ताराचंद महाराजांनी मागे वळून पाहिलं. भय्याजींनी तार छेडली, सूर कानात धरला आणि तोंड उघडलं. मृदंगवाल्यानं आपला मृदंग तपासला नाही.

पहिल्या रांगेत सत्यभामाबाई बसल्या होत्या. एकतारीच्या भोपळ्यावर चार तपकिरी डाग होते. त्यांनी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं आणि बोटानं दाखवलं.

"तो वरचा हाय ना," त्या म्हणाल्या, "तो माहा."