डब्याच्या दाराची रुंदी

रेल्वेच्या प्रवासी डब्याचं दार किती रुंद असतं, एवढंच मला हवं होतं. तिजोरीची किल्ली मागितल्यासारखे चेहरे का करावेत लोकांनी?

दादाची व्हीलचेअर कुठल्याच डब्यात शिरत नाही. दोन हमाल त्याला पोत्यासारखा उचलून आत ठेवतात, मागून घडी घातलेली खुर्ची येते आणि दादा हसून त्यांना थँक्यू म्हणतो. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून तर पीएचडीला मी हाच विषय घेतला.

माप मी कधीच घेतलं होतं. यार्डात उभ्या असलेल्या डब्याला टेप लावली, दादानं खालून टोक धरलं. दार एकोणसाठ सेंटीमीटर, दादाची खुर्ची चौसष्ट. पण आमचे गाईड सर अधिकृत कागदाशिवाय आकड्याकडे बघतसुद्धा नाहीत. "महिनाअखेर कागद आण, नाहीतर दारांचं प्रकरण काढून टाक," म्हणाले. दारं काढली तर प्रबंधात उरतं काय, डब्याचा रंग?

मग सुरू झाली टोलवाटोलवी. रेल्वेच्या कार्यालयानं कारखान्याकडे बोट दाखवलं, कारखान्यानं मुख्य कार्यालयाकडे. मुख्य कार्यालय म्हणजे त्या पहिल्याच कार्यालयाचा वरचा मजला! तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"त्या डब्यांचे नकाशे गोदामात पाणी शिरलं तेव्हाच गेले हो. तुम्ही मोजलंय म्हणता ना? मग तुमचंच द्या. आमचा माणूस पडताळून बघेल, आम्ही नोंद करू, शिक्का मारू. झालं तुमचं काम."

मला साहेब अगदी देवमाणूस वाटले. बाहेरचं दार, मधली वाट, संडासाचं दार, सगळी मापं मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. त्यांचा माणूस टेप लावून आला. एका सेंटीमीटरचाही फरक निघाला नाही.

आज शिक्का मारलेली प्रत घ्यायला गेले. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून दादा जिन्याखाली थांबला.

"प्रत नाही देता येणार," साहेब म्हणाले. "डब्यांची तांत्रिक माहिती गोपनीय असते."

"अहो, ती मीच दिलीय तुम्हाला!"

"तेव्हा ती तुमची होती. आता आमच्या नोंदीत आहे. आणि हो, परवानगीशिवाय तुम्हालाही ती छापता येणार नाही."

"मग द्या परवानगी."

"अर्ज करा ना. फक्त सोबत मूळ नकाशाची प्रत जोडा."

माझं डोकंच फिरलं. पाण्यात गेलेला नकाशा आता मी जोडायचा? माझंच माप, दादाचीच खुर्ची, आणि गुपित यांचं! मी उठले, केबिनचं दार सताड उघडलं आणि पॅसेजमध्ये उभी राहून ओरडले, "एकोणसाठ! डब्याचं दार एकोणसाठ सेंटीमीटर! आणि खुर्ची चौसष्ट!"

सगळ्यांच्या माना वळल्या. शिपाई चहाचा ट्रे घेऊन जागीच थबकला. साहेब "अहो मॅडम, अहो मॅडम" करत मागे धावले.

तेवढ्यात जिन्याखालून दादाचा आवाज आला. या वेळी तो हसत नव्हता.

"अजून मोठ्यानं म्हण गं. इथं खाली नीट ऐकू येत नाही."